नानांची चिमूट

नाना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझा गळा धरला.

मारायला नव्हे. डहाणूरोडच्या खतडेपोचं गोदाम सांभाळायला मी नुकताच लागलो होतो. सकाळी दार उघडून उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात गुडघ्यापर्यंत धोतर आणि वर खाकी कोट घातलेला एक साठीचा माणूस आत आला. "नवा कारकून तू काय?" असं विचारून, मी हो म्हणायच्या आत, त्याने अंगठा आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. "गीळ," म्हणाला. मी घाबरून आवंढा गिळला. "बरा आहेस. समुद्राकडचा दिसतोस." मग त्याने हात कोटाला पुसला. म्हणजे गळा माझा धरायचा आणि वर हात पुसायचे यांनी. नानांवरचा माझा राग त्या दिवसापासूनचा आहे.

मी काही शांत माणूस नव्हे. माझ्या नाकावर राग असतो, असं माझी आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. पण नानांचा राग नाकावर मावणारा नव्हता, तो अंगभर होता. स्टेशनवर गाडी वेळेवर आली तरी ते गार्डवर ओरडत, 'आज काय झालं वेळेवर यायला?' म्हणून. चिंचणीच्या अलीकडे त्यांची चिकूची आणि नारळाची वाडी होती. वाडीत घर होतं. घरात बायको नाही, पोर नाही. मग सकाळी उठल्यावर पहिला राग हा माणूस काढतो तरी कुणावर, असा मला प्रश्न पडायचा.

गळा मात्र सगळ्यांचा. पोस्टमन, स्टेशनमास्तर, मासळी घेऊन बसलेल्या धाकट्या डहाणूच्या बाया, कुणालाही सूट नव्हती. बाया त्यांना शिव्या घालत आणि गळा पुढे करत, कारण नाना तपासल्याशिवाय बोंबील घेत नसत. चिंचणीला एका लग्नात तर त्यांनी अंतरपाटाच्या अलीकडून हात घालून नवरदेवाचाच गळा धरला. भटजी मंगलाष्टक अर्ध्यात सोडून बघत राहिले. वरपक्षाला वाटलं, मानपानावरून बिनसलं. दोघेतिघे बाह्या सारून पुढे आले. नाना आपले "गीळ, गीळ" करतायत आणि नवरदेवाच्या तोंडात विडा. शेवटी त्याने विड्यासकट गिळलं. "चांगला आहे मुलगा, होऊ द्या," असं नानांनी मुलीच्या बापाला सांगितलं तेव्हा कुठे अंतरपाट खाली आला. त्यानंतर त्या घरचं एकही आमंत्रण नानांना गेलं नाही, आणि नाना न बोलावता गेले.

गुरांचंही तेच. रस्त्याने गाय दिसली की तिचा जबडा उघडून बघायचे, पाठीवरचे केस उलटे फिरवायचे. गाय गप्प राहायची, तिचा मालक भांडायचा. "पोट भरलंय हिचं," नाना मालकाला सुनवायचे, "पण अंग उपाशी आहे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. पोट भरलं, अंग उपाशी. माणूस असो, गाय असो, चिकूचं झाड असो, नानांच्या मते सगळ्यांचं दुखणं हेच. दुसरं वाक्य याहून छोटं होतं. "चिमूट कुठाय?" कुणी नवीन बियाणं दाखवलं, नवीन खत दाखवलं, अगदी घरी बोलावून शिरा पुढे ठेवला तरी नाना विचारत, चिमूट कुठाय?

त्यामागचं शास्त्र त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मातीत काही वस्तू असतात, त्या लागतात अगदी चिमूटभर. थोडं जस्त, थोडं तांबं, समुद्रात असतं ते आयोडीन, आणखी कायकाय. त्या नसल्या तर भाताचं पान तांबारतं, गाय हाडं चघळते, माणसाच्या गळ्याला गाठ येते. पीक येतं, पोट भरतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा खताच्या प्रत्येक गोणीत ती चिमूट घालायची, की मातीतून गवतात, गवतातून गाईत आणि भातातून माणसात ती आपोआप पोचते. हे त्यांनी कुठल्याशा इराणी वाडीवाल्याकडून आणलेल्या एका विलायती चोपड्यात वाचलं होतं. वाचलं म्हणजे वाचून घेतलं होतं. नाना स्वतः मराठी सातवी.

ती चिमूट ते घरी बनवत. खडकांवरचं शेवाळ बैलगाडीने आणून वाडीत जाळायचं, त्याची राख चाळायची, त्यात फवारणीचा मोरचूद कुटून घालायचा आणि मुंबईहून आणलेला जस्ताचा पांढरा क्षार. शेवाळ जळायला लागलं की चिंचणीच्या बायका वाळत घातलेले कपडे आत घेत. तो वास मासळीच्या गावालाही सोसवत नव्हता, यावरून काय ते समजा. पंचायतीत तक्रार गेली. नाना पंचायतीत गेले, पाचही पंचांचे गळे तपासले आणि परत येऊन पुन्हा शेवाळ पेटवलं. आमच्या डेपोसमोरचे किराणावाले मगनशेठ म्हणायचे, "नाना गांडो छे. पण माणूस खोटो नाय."

मी त्यांच्याशी सहमत नव्हतो. माझ्या मते नाना वेडे नव्हते, आगाऊ होते. वेड्याची कीव येते. आगाऊ माणूस रोज सकाळी आपल्या गोदामात येऊन आपल्याच स्टुलावर बसतो.

मी लागल्यावर तीनचार वर्षांनी, उन्हाळ्यात आशागडला शाळेच्या अंगणात शेतकऱ्यांची सभा होती. शेतीखात्याचे एक साहेब पांढऱ्या खताची महती सांगायला आले होते. मी गोणी दाखवायला म्हणून बाजूला उभा होतो. साहेब रंगात येऊन सांगत होते की या खताने पीक वाढेल, दाणा भरेल, घरोघर पोटभर भात होईल. मागून आवाज आला, "होईल. पुढं?"

साहेब म्हणाले, "पुढं काय? पोट भरेल."

"पोट भरंल. अंगाचं काय? ह्या तुमच्या गोणीत चिमूट कुठाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गोणीतून काही चोरीला गेलं की काय, अशी त्यांना शंका आली असावी. तोवर नाना पुढे येऊन पोचले होते.

"तळासरीकडच्या पाड्यांवर गेलात कधी? तिथल्या गाई हाडं चघळतात, बघितलंत? गाय काय हौस म्हणून हाड चघळते? तिला पायजे ते गवतात नाय, गवताला पायजे ते मातीत नाय. आणि तुम्ही वरनं आणखी पीक काढा. आणखी माती धुवा. पोटं भरा आणि अंगं मारा."

"अहो, मग गुरांना मिठाचे खडे चाटायला ठेवा," साहेब म्हणाले.

"गुरांना ठेवीन. माणसांना कोण ठेवणार? पाड्यावर जाऊन सांगू, हे चाटा म्हणून? तुम्ही चाटाल? मातीत घाला, म्हणजे कुणाला सांगायला नको, समजवायला नको. मला माणसांना समजवायचा कंटाळा आहे." एवढं बोलून त्यांनी साहेबांच्या गळ्याकडे हात नेला. साहेब मागे सरकले आणि खुर्चीसकट टेबलावर आपटले.

सुटका करून घ्यायची म्हणून साहेबांनी परवानगी दिली. एक पाडा निवडा, तिथे जाणाऱ्या गोणींत तुमची चिमूट घाला आणि बघा काय होतं ते. "हे गोदामवाले आहेतच," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मोठ्यांची परवानगी अशीच असते. बोट त्यांचं आणि काम आपलं.

नानांनी पाडा निवडला तो तळासरीच्या पलीकडचा. तिथला लाडक्या हा वारली शेतकरी त्यांच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या खाचरांत दरवर्षी लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात भात तांबारायचं, गंज चढल्यासारखी पानं व्हायची. नाना ठणकावून सांगत होते की चिमूट गेली की तिसऱ्या आठवड्यात भात हिरवं राहील. मग साहेबांना नेऊन दाखवायचं, मग सगळ्या तालुक्याच्या गोणींत चिमूट. वीस वर्षांचं त्यांचं भांडण त्या एका आठवड्यावर येऊन ठेपलं होतं.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला वाजवी वाटेल. प्रत्येक गोणीची शिवण उसवायची, खत जमिनीवर ओतायचं, त्यात पुडी सोडून फावड्याने वरखाली करायचं, पुन्हा गोणीत भरायचं आणि दाभणाने सुतळी ओवून शिवायचं. पाऊस पडू लागलेला, खताला ओल लागायला नको, ट्रक दारात यायचा. आणि नानांनी आणून ठेवले घासलेटचे दोन डबे, काठोकाठ पुड्यांनी भरलेले.

त्या पुड्या बघून माझं डोकं फिरलं. वर्तमानपत्राचे वेडेवाकडे तुकडे, लाल दोरा, आणि एका पुडीला सहा सहा गाठी. एक पुडी दुसरीसारखी नाही. एकेक सोडवायला दाभण घालून उचकावी लागायची. हमालांच्या बोटांना जखमा, त्यात मोरचूद झोंबायचा. हमालांचा पुढारी सोमा चौथ्या पुडीला फावडं टाकून बाहेर जाऊन बसला. नाना स्टुलावर बसून आम्हा सगळ्यांवर ओरडत होते. नीट मिसळा, कोपऱ्यातलं घ्या, चिमूट आहे ती, मूठ नाय.

मी वैतागून एक पुडी त्यांच्यासमोर धरली. "नाना, ह्या कुणाकडून बांधून घेतल्यात? माकडाकडून?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. एवढ्या वर्षांत मी तो लाल बघितला होता, जांभळा बघितला होता, पांढरा कधी नाही. मग ते उठले आणि जे बोलले ते सगळं छापण्याजोगं नाही. छापण्याजोगं एवढंच. "असा हात तुझ्या सात पिढ्यांत झाला नाय. तू काय आहेस? पोट आहेस. टोपी घातलेलं पोट." हमाल हसले. मगनशेठ दुकानातून उठून दारात आले आणि तेही हसले. नाना कोट झटकून निघून गेले.

मला त्या क्षणी नानांचा, त्यांच्या चिमटीचा आणि अख्ख्या तळासरीचा राग आला. मी दोन्ही डबे उचलले, गोदामामागे घाणेरीच्या झुडपांत गेलो आणि पुड्या दाभणाने फाडून सगळी राख एका खड्ड्यात रिकामी केली. वर पावसाची सर आली. गोणी होत्या तशाच ट्रकवर चढल्या. ज्या चार उसवल्या होत्या त्या दुसऱ्या पाड्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाना आले. रिकामे डबे उलटे करून बघितले. "सगळ्या घातल्यास?"

"घातल्या."

एवढं साधं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. जीभ अडखळलीसुद्धा नाही. नाना तळासरीच्या गाडीला गेले आणि लाडक्याच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी खत टाकणाऱ्या प्रत्येकावर दिवसभर तोंडसुख घेतलं, असं ट्रकवाल्याने येऊन सांगितलं. टोपीवालं पोट हे माझं नाव डहाणूरोडभर झालं होतं, त्यामुळे मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. वाटलंही नाही.

लावणीनंतर महिन्याभराने नाना डेपोत आले. धोतर चिखलाने भरलेलं, कोट ओला. येऊन एका गोणीवर बसले. स्टुलावर नाही. सोमा त्यांच्या समोरून दोनदा गेला, तिसऱ्यांदा मुद्दाम रेंगाळला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नाना आज कुणाचा गळा नाय धरला."

मी विचारलं, "काय झालं नाना?"

"तांबारलं," नाना म्हणाले. "दरसालसारखंच. एक खाचर सोडलं नाय. लाडक्या म्हणतो, नाना, तुमचा औषध लय भारी हाय, पण आमची जमीनच नाय ऐकत. मला बरं वाटावं म्हणून बोलला बिचारा." धोतरावरचा चिखल ते नखाने खरवडू लागले. "वीस वर्षं मी लोकांना शिव्या घातल्या, कारकुना. चूक माझीच असंल."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मी म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे, साहेबांच्या कानावर जाईल, आणि म्हातारा आता गप्प बसतोय तर बसू दे. माणूस भित्रेपणाला किती चटकन शहाणपणाचं नाव देतो. नाना उठले आणि मला न ओरडता निघून गेले. त्याचा मला राग आला. त्यांनी ओरडायला हवं होतं.

संध्याकाळी मी गोदामामागे गेलो. जिथे मी पुड्या रिकाम्या केल्या होत्या तिथली झुडपं जळून काळी पडली होती. साहजिकच आहे, मूठच काय, मी दोन डबे ओतले होते. पण त्या काळ्या जागेच्या कडेला, जिथे पावसाचं पाणी पातळ होऊन पसरलं होतं, तिथे हातभर रुंदीचं गवत असं काही हिरवंगार आणि दाट उगवलं होतं की बाजूचं गवत त्याच्यापुढे आजारी दिसत होतं. सोमाची बकरी खुंटाला बांधलेली होती. तिच्या पायाशी भरपूर चारा होता. तो सोडून ती दोरी ताणून, मान लांब करून, त्या कडेच्या गवताला तोंड लावायला बघत होती. मी कितीतरी वेळ त्या बकरीकडे बघत उभा होतो. मला तिचासुद्धा राग आला.

मग नाना यायचे बंद झाले. वाडीतला शेवाळाचा धूर बंद झाला, म्हणून चिंचणीच्या बायका पहिल्या आठवड्यात खूश होत्या आणि तिसऱ्या आठवड्यात विचारू लागल्या. बाजारात मासळीवाली मला म्हणाली, "म्हातारा मेला का काय? बोंबील घ्यायला नाय येत." मगनशेठांनी विचारलं, "नाना मांदा छे? आजारी?" मी सगळ्यांना सांगायचो, मला काय माहीत. आणि रात्री अंथरुणावर पडलो की ती बकरी डोळ्यांसमोर यायची.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी चिंचणीच्या एसटीत बसलो.

नानांच्या वाडीत मी कधी गेलो नव्हतो. कुणीच जात नसे, नाना फाटकातूनच पिटाळत. त्या दिवशी फाटक उघडं होतं. मी पडवीपर्यंत गेलो आणि आतून आवाज ऐकला. आवाज नानांचाच होता, पण मला ओळखायला वेळ लागला, कारण त्यात राग नव्हता. "गीळ राजा," नाना म्हणत होते. "आणखी एकदा. शाब्बास."

पाटावर एक माणूस बसला होता. दाढीचे केस पिकत आलेले, पन्नाशीकडे झुकलेला, आणि उंची सातआठ वर्षांच्या मुलाएवढी. चेहरा सुजल्यासारखा, जीभ जाड, ओठांत न मावणारी. गळ्याला मोठी गाठ. नाना त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि दोन बोटांनी ती गाठ हलकेच चाचपत होते. माणूस डोळे मिटून, मान वर करून, मोठ्या समाधानाने बसला होता. नानांच्या दिवसाची सुरुवात राग काढून होत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

त्या माणसाच्या पुढ्यात वर्तमानपत्राचे तुकडे होते, लाल दोऱ्याचं रीळ होतं आणि राखेचं ताट होतं. तपासणी झाल्यावर त्याने ताटातली चिमूट उचलली, कागदावर ठेवली, कागद दुमडला आणि दोन्ही हात आणि दात लावून गाठी मारायला लागला. एक, दोन, तीन. सहा गाठी झाल्यावर त्याने पुडी नानांच्या हातात दिली. नानांनी ती डब्यात टाकली. डबा पुन्हा अर्धा भरला होता.

माकडाने बांधल्यात का, असं मी विचारलं होतं.

नानांनी मला पाहिलं. ओरडले नाहीत. "हा बाबू. धाकटा भाऊ माझा," म्हणाले. "नको म्हटलं तरी बांधतो. चिमूट खोटी निघाली हे ह्याला कसं सांगू? चौदा वर्षं हेच काम करतोय. दुसरं येत नाय त्याला."

मग त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. वडील तळासरीच्या पलीकडे डोंगरात जंगलाच्या कूपवर, म्हणजे लाकूडतोडीवर, मुकादम होते. नाना समुद्राकाठी जन्मले, आजोळी. बाबूच्या वेळी आई डोंगरातच होती, दोन वर्षं खाली उतरली नव्हती. आई माळकरी, सुकटीला शिवायची नाही. जे डोंगरात उगवलं तेच खाल्लं. पोटभर खाल्लं. तिचा गळा सुजला होता, पण तिकडे पुष्कळ बायांचा सुजायचा, कुणी मनावर घेतलं नाही. बाबू पंधरा वर्षांचा झाला तेव्हा नाना त्याला खांद्यावर बसवून मुंबईच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या खांद्यावरून पुढे त्यांनी त्याला कधी उतरवला नाही. लग्न केलं नाही ते याच्यासाठी. बघायला आलेले लोक बाबूला बघून ज्या नजरेने हसत, त्या नजरेला नानांनी फाटक लावून टाकलं.

"डॉक्टर म्हणाला, आईच्या पोटात काहीतरी कमी पडलं. मी म्हटलं, किती? तो म्हणाला, अख्ख्या आयुष्याचं मिळून चमचाभरसुद्धा लागत नाय." नानांचा आवाज पुन्हा चढला. "समुद्र बारा कोसांवर होता, कारकुना. एवढा मोठा समुद्र. आणि त्यातलं चमचाभर नाय पोचलं माझ्या भावापर्यंत."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुड्या, घाणेरी, खड्डा, खोटं. बकरीपर्यंत सगळं. मधे कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा एसटीत बसून परत गेलो असतो.

नाना उठले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. साठीच्या माणसाच्या हातात तेवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. टोपी उडून पडवीच्या खाली गेली. दुसरी बसेल म्हणून मी डोळे मिटले.

"एकपण पुडी गेली नाय?" नानांनी विचारलं.

"एकही नाही."

"शपथ घे."

घेतली. पुन्हा घ्यायला लावली. तिसऱ्यांदा आईची घ्यायला लावली. मग नाना बाबूकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते माझ्याकडे बोट करून ओरडत होते, "बाबू, ऐकलंस? आपली चिमूट खोटी नाय रे. हे गाढव खोटं आहे." बाबूला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तो माझ्याकडे बघून खदखदून हसला आणि सातवी गाठ मारली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, सरकारी गोणी उसवायची नाही. मी उसवली. असल्या साहेबांचं काय ऐकायचं, त्यांनी भाताचं रोप ऑफिसातल्या चित्रात पाहिलेलं. सोमाने हातांना फडकी बांधली आणि कुणी कुरकुर केली नाही. लाडक्याच्या तीन खाचरांपैकी दोन तिसऱ्या आठवड्यातही हिरवी राहिली. तिसरं तांबारलं. नानांनी त्या तिसऱ्या खाचराच्या बांधावर उभं राहून त्याला इतक्या शिव्या दिल्या की लाडक्या म्हणाला, "नाना, आता ह्यो तरी ऐकंल." तालुक्याच्या गोणींत चिमूट काही गेली नाही. आमच्या डेपोतून त्या एका पाड्याला जाते. अजून जाते, आणि कुणाला सांगायचं असेल त्याने साहेबाला खुशाल सांगावं.

पण मला सांगायचं आहे ते गोणी भरायच्या दिवसाचं. त्या दिवशी डेपोच्या दारात बैलगाडी थांबली. नाना उतरले, डबे उतरवले, आणि मग त्यांनी गाडीतून बाबूला खांद्यावर घेऊन खाली आणलं. मुंबईच्या त्या खेपेनंतर त्याला फाटकाबाहेर आणायची ही पहिलीच वेळ. समोर मगनशेठांच्या दुकानात गिऱ्हाईकं होती, रस्त्यावर माणसं होती. नाना मान ताठ करून सगळ्यांकडे असे बघत होते की हसणाऱ्याचा त्यांनी तिथेच जीव घेतला असता. कुणी हसलं नाही.

नानांनी बाबूला जमिनीवर ठेवलं. तो सगळीकडे बघत उभा राहिला. मग हळूहळू चालत माझ्यापाशी आला आणि हात वर केला. हात माझ्या छातीपर्यंतच पोचत होता. त्याला काय हवंय ते मला कळेना. मग त्याने अंगठा आणि दोन बोटं पुढे केली, आणि कळलं. माणूस भेटला की काय करतात, ते त्याने आयुष्यभर एकाच माणसाकडून शिकलं होतं.

त्या पहिल्या सकाळनंतर मी नानांना माझ्या गळ्याला कधी हात लावू दिला नव्हता. मी गुडघे टेकले आणि मान वर केली. त्याची बोटं राखेची होती, खरखरीत, आणि अगदी हलकी. मी आवंढा गिळला. मला न सांगताच गिळावा लागला.

मग तो सोमाकडे गेला. सोमा खाली बसला. मग दुसरा हमाल बसला, मग तिसरा. मगनशेठ रस्ता ओलांडून आले आणि धोतर आवरत ओळीत उकिडवे बसले.

नाना आमच्याकडे पाठ करून ट्रकवाल्यावर ओरडत होते. मोठमोठ्याने, हातवारे करून ओरडत होते. कशाबद्दल ते ट्रकवाल्याला कळत नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही.